पेटीला म्हशीचं नाव ठेवलं तर बिघडलं कुठं?

पारोळा तालुक्यातून एका वाचकाचं चार पानी पत्र आलंय, हाताने लिहून फोटो काढून पाठवलेलं, तिसऱ्या पानावर चहाचा गोल डाग. वय २९, घरची शेती, गावातल्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. सगळं देता येत नाही म्हणून थोडक्यात, त्यांच्याच शब्दात:

"ताई, नमस्कार. आमच्या आबांनी १९६६ साली भागी नावाची म्हैस विकली आणि एका बंद पडलेल्या तमाशाच्या फडाकडून जुनी पेटी घेतली. आजी आठ दिवस बोलली नाही. मग आबांनी पेटीचंच नाव भागाबाई ठेवलं, म्हणे म्हैस गेली कुठं, गोठ्यातून ओसरीवर आली. भजनाला बसले की भात्याला हात लावायच्या आधी म्हणायचे, चाल वं भागाबाई, आते बोल. आबा गेले, पेटी माझ्याकडे आली, मी पण तसंच म्हणतो, सवय झाली. आता भात्यातून हवा जाते, दोन सूर बंद पडलेत, पावसाळ्यात एक पट्टी दाबली की वरच येत नाही. जळगावला एकाला दाखवली तर म्हणतो दुरुस्तीला साडेसहा हजार लागतील, त्यापेक्षा अठरा हजारात नवी घ्या आणि ही मला दोन हजारात देऊन टाका. मोठा भाऊ म्हणतो दे टाकून. मंडळातली पोरं चिडवतात, भागाबाईला चारा टाकला का म्हणून. सहा महिन्यांपूर्वी माझं लग्न झालं, बायकोने पहिल्यांदा ऐकलं तर पोट धरून हसली, म्हैसनं नाव पेटीले! नंतर एकदा भाकरी टाकता टाकता म्हणाली, पेटीला तरी नाव आहे. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. वाद्याला नाव ठेवणं हा येडेपणा आहे का? आणि नवी पेटी घेतली तर तिला भागाबाई म्हटलं तर चालेल का, की ती आबांशी बेइमानी होईल?"

भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात, नाही. आता सविस्तर.

आपल्याकडे पोळ्याला बैलांची नावं घेऊन ओवाळतात, गाईला कपिला म्हणतात, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर मुलीचं नाव रंगवतात, आणि तेव्हा कुणी हसत नाही. ज्याच्या जिवावर घर चालतं त्याला आपण नाव देतोच. तुमच्या आबांचा पोटापाण्याचा धंदा शेती होता, पण जीव पेटीत होता, मग नाव पेटीला पडलं. साधा हिशोब आहे. आणि मराठीत तर अर्धं काम भाषेनेच करून ठेवलंय बघा, पेटी ती, सनई ती, बासरी ती, तबला तो, ढोल तो. आपण आधीच म्हणतो की आज पेटी रुसलीय, ढोल तापला नाही अजून. एवढं सगळं बोलून झाल्यावर नुसतं नाव ठेवलं तर त्यात येडेपणा कुठून आला?

तुमच्या मंडळात गीता म्हणत असतील ना? नसतील म्हणत तर पुस्तक काढा आणि पहिल्या अध्यायातले १५ आणि १६ नंबरचे श्लोक बघा. कृष्णाचा पांचजन्य, अर्जुनाचा देवदत्त, भीमाचा पौंड्र, युधिष्ठिराचा अनंतविजय, नकुलाचा सुघोष, सहदेवाचा मणिपुष्पक. दोन श्लोकात सहा शंख आणि सहाही नावानिशी. समोर अठरा अक्षौहिणी सैन्य उभं आहे, बाण सुटायची वेळ झालीय, आणि तरी सांगणाऱ्याला शंखाचं नाव सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. गंमत म्हणजे त्याच्या आधी भीष्मांनी शंख फुंकलाय, तो नुसताच शंख आहे, त्याला तिथं नाव नाही. मला तर लहानपणापासून वाटतं की कोण जिंकणार ते तिथंच कळतं, पण हे माझं आपलं मत, कीर्तनकार बुवांना विचारू नका. नारदाच्या वीणेचंसुद्धा नाव आहे, महती. म्हणजे मंडळातली पोरं तुम्हाला चिडवतात तर चिडवू द्या, तुमच्या मागे बरीच मोठी माणसं उभी आहेत.

आता म्हशीचं. बायको हसली ती बहुतेक म्हशीवरून हसली, नाव शारदा-वीणा असं काही असतं तर हसली नसती. तर त्यांना ही गोष्ट सांगा. अमेरिकेत विली नेल्सन म्हणून गवई आहेत, १९३३ चा जन्म, तिकडच्या गावरान गाण्यातलं फार मोठं नाव. त्यांनी १९६९ साली मार्टिन कंपनीचं एक गिटार घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं ट्रिगर. ट्रिगर कोण? सिनेमातला काउबॉय रॉय रॉजर्स, त्याचा घोडा! जनावराचंच नाव. ते गिटार ज्या पद्धतीने वाजवायला बनवलं होतं त्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने, नखीने घासून घासून वाजवल्यामुळे त्याच्या लाकडाला मोठं भोक पडलंय, अगदी आरपार, फोटो बघाल तर वाटेल उंदराने कुरतडलंय. मित्रांनी त्यावर सह्या केल्यात. १९७० मध्ये घराला आग लागली तेव्हा हा माणूस जळत्या घरातून ते गिटार घेऊन बाहेर आला. पन्नास वर्षांच्या वर झाली, अधूनमधून कारागिराकडे जातं, डागडुजी होते, भोक मात्र तसंच. म्हणजे घोड्याचं चालतं तर म्हशीचं का नाही, आणि घोड्याने कधी दूध दिलंय का कुणाला.

चिडवण्याचं सांगते. बरीच नावं चिडवण्यातूनच पडतात आणि मग तीच टिकतात. इटलीतल्या स्ट्रॅडिव्हरीने १७१६ साली केलेलं एक व्हायोलिन आहे, आज ऑक्सफर्डच्या म्युझियममध्ये काचेत ठेवलेलं असतं, त्याला मसीहा म्हणतात. नाव ऐकून वाटतं काय भक्तिभावाने ठेवलं असेल. पण झालं असं की तारिसिओ नावाचा एक वाद्यांचा व्यापारी पॅरिसला जाऊन सारखा या व्हायोलिनच्या बढाया मारायचा आणि आणायचा मात्र कधीच नाही, तर तिथला एक वादक वैतागून म्हणाला की तुझं व्हायोलिन त्या मसीहासारखं आहे, सगळे वाट बघतात आणि ते काही येत नाही. तेच नाव चिकटलं.

माझ्या तंबोऱ्याचंही तसंच. लग्न होऊन जळगावला आले तेव्हा सोबत माहेरचा तंबोरा, आमच्या त्या दोन खोल्यांत ठेवायचा कुठं, तर कोपऱ्यात उभा करून वरून जुन्या साडीची खोळ घातली. सासूबाई रोज येताजाता म्हणायच्या, ही एक ठकू बसलीय कोपऱ्यात, काम ना धाम. झालं, तो तंबोरा त्या दिवसापासून ठकू, पुल्लिंगी वाद्याचं स्त्रीलिंगी नाव. पुढे सासूबाईच शेजारणींना सांगायच्या की ठकूला हात लावू नका हं, सूर जातो. तेव्हा मंडळातल्या पोरांचं मनाला लावून घेऊ नका, अजून दोन वर्षांनी तीच पोरं दुसऱ्या गावात जाऊन सांगतील की आमच्याकडे भागाबाई आहे.

दुसरा प्रश्न अवघड आहे, खरं सांगते मी दोन दिवस विचार करत होते. नवीला तेच नाव चालेल का?

विली नेल्सनचा रस्ता एक, तेच शरीर, तेच नाव, भोकासकट. दुसरा रस्ता बी. बी. किंग यांचा. १९४९ चा हिवाळा, आर्कान्सा राज्यात ट्विस्ट नावाचं छोटं गाव, तिथं नाचगाण्याच्या हॉलमध्ये ते वाजवत होते. थंडी म्हणून मध्यभागी एका पिंपात रॉकेल पेटवून ठेवलेलं. दोन माणसांची जुंपली, पिंप कलंडलं, आग जमिनीवरून नदीसारखी धावली, सगळे बाहेर पळाले, हेही पळाले, आणि बाहेर आल्यावर आठवलं की गिटार आतच राहिलं. तीसेक डॉलरचं गिटार! त्यासाठी परत आत शिरले, घेऊन निघाले तेवढ्यात इमारत कोसळायला लागली. दोन जण त्या आगीत गेले. दुसऱ्या दिवशी कळलं की भांडण एका बाईवरून होतं, तिचं नाव ल्युसिल. त्या बाईला ते आयुष्यात कधी भेटले नाहीत, पण गिटारचं नाव ल्युसिल ठेवलं, स्वतःला आठवण राहावी म्हणून की असला मूर्खपणा परत करायचा नाही. आणि मग पुढे जेवढी गिटारं आली ती सगळी ल्युसिल. एक गेली दुसरी आली, मॉडेल बदललं, नाव तेच. १९८० मध्ये तर गिब्सन कंपनीने त्याच नावाचं मॉडेल बाजारात आणलं. २०१५ साली ते गेले तोवर ल्युसिलच वाजत होती.

तर नाव पुढे नेण्यात बेइमानी वगैरे काही नाही. तुमच्या आबांनी तर स्वतःच ते करून दाखवलंय की, म्हशीचं नाव पेटीवर नेलं, आता तुम्ही जुन्या पेटीचं नव्या पेटीवर न्याल. नाव एकदा गोठ्यातून ओसरीवर आलंय, त्याला चालायची सवय आहे.

पण थांबा, घाईने अठरा हजार मोजू नका, मला त्या जळगावच्या माणसाचं बोलणं खटकलंय. दुरुस्तीपेक्षा नवी घ्या म्हणणारे खूप भेटतात, ठीक आहे, त्यांचा धंदा आहे. पण ज्या पेटीत काही राम नाही असं म्हणतो तीच दोन हजारात मला द्या असंही म्हणतो, हे काय आहे? पेटीत महाग काय असतं, लाकूड नाही, भाता नाही, ते बदलता येतं. महाग असतात सूर, म्हणजे आतल्या त्या पितळेच्या पट्ट्या, प्रत्येकीला एका टोकाला रिव्हेट मारून बसवलेली पातळ जीभ असते आणि हवा गेली की ती थरथरते, तोच आवाज. जुन्या पेट्यांमध्ये कधी कधी जर्मनीहून आलेले सूर असतात आणि जाणकार लोक त्यांच्यासाठी जीव टाकतात. तुमच्या आबांनी १९६६ ला घेतली तेव्हाच ती जुनी होती, म्हणजे त्याच्याही आधीची, तेव्हा आत काय आहे ते कळल्याशिवाय ती कुणाच्या हातात द्यायची नाही. दुसऱ्या एखाद्या कारागिराला दाखवा, झाकण उघडून तुमच्यासमोर सूर काढायला सांगा आणि नीट बघा. बंद पडलेले दोन सूर बहुतेक धुळीने नाहीतर झुरळाच्या पायाने अडकलेले असतील, हसू नका, माझ्या विद्यार्थिनीच्या पेटीत खरंच निघाला होता. पट्टी पावसाळ्यात वर येत नाही ते लाकूड फुगल्यामुळे, त्याला फार पैसे लागत नाहीत. हवा जाते ती भात्याच्या घड्यांमधून किंवा कोपऱ्यावरच्या चामड्यातून, भाता नवा करता येतो. फक्त सूर जुळवायला कुणाच्या हातात देता ते बघा, कारण त्या पितळी जिभेच्या टोकाशी घासलं की सूर चढतो आणि मुळाशी घासलं की उतरतो, घासलेलं पितळ काही परत येत नाही, आणि काही जण असे घासतात जशी काय विळ्याला धार लावतायत.

आणि समजा खोकं अगदीच गेलं असेल, वाळवी लागलीय, तळ फुटलाय, तरी तिसरा रस्ता आहे जो तुम्हाला कुणी सांगितलेला दिसत नाही. जुने सूर काढून, साफ करून, नव्या पेटीत बसवून देतात कारागीर. नवं लाकूड, नवा भाता, आवाज आबांच्या भागाबाईचा. एरिक क्लॅप्टन म्हणून इंग्लंडचे प्रसिद्ध गिटारवाले, त्यांनी १९७० मध्ये नॅशव्हिलला जुनी गिटारं स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, काही मित्रांना वाटली, उरलेल्या तिघांमधलं एकाचं अंग, एकाची मान असं जे जे चांगलं ते काढून एक गिटार जोडलं आणि त्याला ब्लॅकी म्हणायला लागले, आपल्या भाषेत काळी. तीन जणींची मिळून एक काळी. २००४ मध्ये व्यसनमुक्ती केंद्रासाठी लिलाव केला तेव्हा ती ९,५९,५०० डॉलरला गेली. तुमच्या भागाबाईला कुणी एवढे देणार नाही, पण जोडून नवी केली म्हणून ती कुणी परकी होत नाही एवढाच मुद्दा.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. ठकूला एकदा एका कार्यक्रमासाठी दिली होती, कुणाला ते जाऊ द्या, परत आली तेव्हा खोळ व्यवस्थित बांधलेली, नाडीला वर छान गाठ, आणि आत भोपळ्याला बोटभर रुंद तडा. कुणी काही बोललं नाही, मी पण नाही, घरी येऊन रडले. मग महाराष्ट्र एक्सप्रेसने मिरजेला नेली. तंबोरा-सतार म्हटलं की मिरज, आता तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय टॅगपण मिळालाय, म्हणजे ही त्या गावचीच खासियत असा सरकारी शिक्का, २०२४ मध्ये. रात्रभर ठकू खिडकीच्या बर्थवर झोपलेली आणि मी बसलेली, टीसी म्हणाला मॅडम हे कोण, मी म्हटलं ठकू, त्याने वहीत बघितलं आणि काही न बोलता पुढे गेला. कारागिराने तडा आतून कापड लावून बुजवला, जवारी नव्याने काढली, म्हणजे तारांखालची घोडी घासून तारेचा झंकार परत जमवला. घरी आणून लावली तर आवाज जरा वेगळा, थोडा जड, जसा सर्दी झालेल्या माणसाचा असतो. पंधरा दिवस मला ती ठकू वाटेचना, मी तिला नुसतं तंबोरा म्हणायचे. मग एक दिवस सकाळी खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार छेडली आणि तोंडातून आपोआप आलं, काय गं ठकू. तुमचंही तसंच होऊ शकतं, नव्या खोक्यातली भागाबाई पहिले काही दिवस अनोळखी वाटेल, तेव्हा जबरदस्तीने नाव घेऊ नका, आपसूक आलं तर येऊ द्या. नाहीच आलं तर नवीला नवं नाव पडेल आणि भागाबाई आबांबरोबर गेली असं समजायचं, तेही चालतं.

एक मात्र, नाव ठेवलं म्हणून वाद्य टिकत नाही, सांभाळावं लागतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, ४५ डिग्रीत, पत्र्याच्या खोलीत पेटी ठेवाल तर लाकूड तडकणारच. जमिनीवर ठेवू नका, भिंतीला चिकटून नको, पावसाळ्यात एक दिवसाआड पाच मिनिटं तरी भाता हलवा. खंडेनवमीला हळदकुंकू लावता ना, ते लाकडाला लावा, पट्ट्यांच्या फटीत नको, कुंकू आत जाऊन बसतं. आणि जाता जाता, तुमच्या आबांचं मला फार कौतुक वाटतं. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, सूर आपल्या संगीताचा नाही म्हणून. म्हणजे दिल्लीतले शहाणे पेटी नको म्हणत होते त्या काळात पारोळ्याकडचा एक शेतकरी दुभती म्हैस विकून पेटी घेत होता. आजी आठ दिवसच बोलली नाही हे कमी झालं.

आता तुम्ही जे विचारलं नाही ते. पत्राच्या चौथ्या पानावर, अगदी खाली, तुम्ही बायकोचं एक वाक्य लिहून पुढे निघून गेलात, पेटीला तरी नाव आहे. भाऊ, ते वाक्य तुम्ही परत वाचा. त्या आधी हसल्या ते म्हशीवर हसल्या, पण हे हसणं नाहीये. मला माहितीये आपल्याकडे घरात मोठी माणसं असली की बायकोला नावाने हाक मारत नाहीत, अगं, ऐकलं का, ती कुठं गेली, असंच चालतं, माझ्या नवऱ्याने पहिली चार वर्षं मला नुसतं शुक-शुक केलं. सहा महिन्यांची नवी सून, माहेरचं नाव मागे राहिलं, इथं कुणाची वहिनी, कुणाची काकू, कुणाची सून, आणि संध्याकाळ झाली की नवरा ओसरीवर बसून एका लाकडी पेटीला प्रेमाने नाव घेऊन हाक मारतो, चाल वं. तुम्हीच सांगा, काय वाटेल? भाऊला किंवा मंडळाला काय उत्तर द्यायचं ते नंतर बघू, आधी हे. मोठ्यांसमोर लाज वाटत असेल तर ओट्यावर भाकरी टाकताना जवळ जाऊन हळू म्हणा, पण नाव घेऊन म्हणा. आणि पेटी दुरुस्तीला न्याल तेव्हा त्यांना सोबत न्या, दुसऱ्या कारागिराकडे झाकण उघडतील तेव्हा त्यांनाही आत बघू द्या, एखादा सूर त्यांना फुंकून बघू द्या, तोंडाने फुंकला तरी वाजतो तो. त्यांना गाता येतं का, हे तरी विचारलंय का कधी?

कारागीर काय म्हणाला ते मला जरूर कळवा, सूर जर्मन निघाले तर फोटो पाठवा, मी इथल्या एक-दोन जाणकारांना दाखवते, पैसे देऊन ठेवू नका तोपर्यंत. आणि हो, तुमच्या चार पानात भागाबाई हे नाव एकोणीस वेळा आलंय, मी पेन घेऊन मोजलं. बायकोचं एकदाही नाही. पुढच्या पत्रात लिहा.